बंबापासून बोटीपर्यंत : बेंगळुरूच्या अग्निशमन दलाची वाटचाल

हलसूर तलावाच्या शेजारून जाणाऱ्या अण्णास्वामी मुदलियार रस्त्यावर कर्नाटक राज्य अग्निशमन व आपत्कालीन सेवा खात्याचे मुख्यालय आहे. आगीशी झुंजणाऱ्यांचे हे घर तलावाच्या काठी असावे हा योगायोगच. पण गेल्या काही वर्षांत या खात्याच्या जवानांना जेवढे पाण्यात उतरावे लागले तेवढे त्याच्या स्थापनेच्या वेळी कोणाच्या मनातही आले नसेल. बेंगळुरूला नदी नाही. समुद्र तर शेकडो किलोमीटर दूर. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून अधिक उंचीवर, पठाराच्या पाठीवर वसलेले. अशा गावात पूर येतो, माणसे वाहून जातात आणि लाल गाडीतून उतरलेले जवान कमरेला दोर बांधून गढूळ पाण्यात पाय टाकतात. मराठी माणसांच्या या स्मरणिकेत त्या दलाचा इतिहास लिहिण्याचे कारण सरळ आहे. बेळ्ळंदूर, सर्जापूर रस्ता, व्हाइटफील्ड, येलहंका या भागांत आपल्या लोकांची मोठी वस्ती आहे, आणि पाणी चढते तेव्हा दाराशी येणारा पहिला माणूस बहुधा याच दलाचा असतो.

कायद्याच्या भाषेत या दलाचा जन्म १९६४ चा. त्या वर्षी अग्निशमन दलाचा राज्य कायदा झाला आणि पुढच्या वर्षी, १९६५ मध्ये, त्या कायद्याखाली स्वतंत्र खाते उभे राहिले. तेव्हा राज्याचे नाव म्हैसूर होते. कर्नाटक हे नाव १ नोव्हेंबर १९७३ रोजी मिळाले. मुंबईत अग्निशमन दल महापालिकेचे असते, पुण्यात, नाशकात, कोल्हापुरातही तसेच; त्यामुळे महाराष्ट्रातून इथे आलेल्या माणसाला सुरुवातीला थोडे चुकल्यासारखे होते. इथे दल राज्य सरकारचे, गृहखात्याच्या अखत्यारीतले. त्याचा एक फायदा असा की बेंगळुरूतला जवान उद्या बेळगावात, रायचुरात किंवा कारवारच्या किनाऱ्यावरही काम करतो, आणि तिकडच्या नद्यांचा अनुभव घेऊन परत शहरात येतो. नदी नसलेल्या शहराला नदी जाणणारी माणसे लाभली ती अशी.

पण पाण्याची गोष्ट १९६५ च्या बरीच आधी सुरू होते. केंपेगौडांनी १५३७ मध्ये हे गाव वसवले तेव्हा पाण्यासाठी तलाव बांधण्यावाचून मार्ग नव्हता. पुढे १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर इथे आली, तेव्हाही गाव जगत होते ते तलावांवर. पठाराचा कणा असा की पावसाचे पाणी तीन खोऱ्यांत वाटले जाते: वृषभावती, कोरमंगल-चळ्ळघट्ट आणि हेब्बाळ. प्रत्येक खोऱ्यात वरचा तलाव भरला की सांडव्यावरून पाणी खालच्या तलावात, तिथून त्याच्या खालच्या. या तलावांना जोडणाऱ्या मोठ्या ओढ्यांना इथे राजकालुवे म्हणतात. ही साखळी शाबूत असेपर्यंत मोठ्या पावसाचे पाणी टप्प्याटप्प्याने उतरत असे आणि त्याला कोंडून राहण्याची वेळ येत नसे.

ती साखळी आपल्या डोळ्यांदेखत तुटली. धर्मांबुधी तलावाच्या जागी आज मॅजेस्टिकचे बसस्थानक आहे. संपंगी तलावावर कंठीरव स्टेडियम उभे आहे. कोरमंगलच्या एका तलावाच्या जागेवर १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी क्रीडाग्राम बांधले गेले. राजकालुवे अरुंद झाले, त्यांना काँक्रीटच्या उभ्या भिंती आल्या, कुठे वर स्लॅब पडला, कुठे थेट घरे. मातीचा उतार असलेला ओढा आणि दोन्ही बाजूंनी काँक्रीटने बांधलेला नाला यांतला फरक आत पडणाऱ्या माणसाला लगेच कळतो. ओढ्यात एखादे मूळ, एखादे झुडूप हाताला लागते. काँक्रीटच्या नाल्यात हात घसरत राहतो. दलाच्या या इतिहासातली कितीतरी पाने या एका फरकाने लिहिली गेली आहेत.

दलाची सुरुवातीची ख्याती अर्थातच आगीची. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण ती आपल्या मुंबईची आहे. दरवर्षी १४ एप्रिलला देशातल्या प्रत्येक अग्निशमन केंद्रात, बेंगळुरूतही, हुतात्मा जवानांना मानवंदना दिली जाते आणि २० तारखेपर्यंत अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता. मुंबई अग्निशमन दलाचे जवान धक्क्यावरून आणि जहाजाच्या डेकवरून पाणी मारत राहिले. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. दलाचे ६६ जण त्यात गेले. पाण्याच्या काठावर आगीशी लढताना गेलेली ही माणसे. त्यांच्या नावाने देशभरचे जवान वर्षातून एकदा ताठ उभे राहतात. बेंगळुरूच्या दलाचा आणि मराठी मुलखाचा हा संबंध फारसा कोणी बोलून दाखवत नाही.

७ फेब्रुवारी १९८१ रोजी बेंगळुरूत व्हीनस सर्कशीचा तंबू पेटला आणि ९० हून अधिक माणसे गेली, त्यांत मुले फार. सप्टेंबर १९८३ मध्ये गंगाराम इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली. मृतांचा आकडा शंभराच्या वर गेला. २३ फेब्रुवारी २०१० रोजी जुन्या विमानतळ रस्त्यावरच्या कार्लटन टॉवर्समध्ये धुराने कोंडलेल्या माणसांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. नऊ जण गेले. या तीन घटनांवर स्वतंत्र लेख होऊ शकेल. इथे एवढेच की त्यांनी दलाला आग विझवण्यापलीकडचे काम शिकवले: ढिगारा उपसणे, कोंडलेल्यांना शोधणे, गर्दी आवरणे, जखमींना हलवणे. खात्याच्या नावात ‘आपत्कालीन सेवा’ हे शब्द आले ते या वाटेने. ज्या कामाला दुसरे कोणतेही खाते हात घालत नाही ते आपसूक या दलाकडे येते. विहिरीत पडलेली गाय, लिफ्टमध्ये अडकलेली आजी, तलावात उडी घेतलेला तरुण, या साऱ्यांसाठी बोलावणे जाते ते एकाच दाराशी.

राजकालुव्यांचे पहिले मोठे धडे फार कडू होते. २००९ मध्ये लिंगराजपुरम भागात सहा वर्षांचा मुलगा उघड्या नाल्यात पडून वाहून गेला. २०१४ मध्ये एक नऊ वर्षांची मुलगी तशीच गेली. २० मे २०१७ रोजी कुरुबरहळ्ळीत नाल्यातला गाळ काढणारा कंत्राटी कामगार अचानक आलेल्या लोंढ्यात सापडला. जून २०२२ मध्ये कृष्णराजपुरम भागात एक तरुण अभियंता आपली वाहत चाललेली मोटारसायकल वाचवायला गेला आणि नाल्यात ओढला गेला. अशा प्रत्येक वेळी दलाला बोलावणे येते ते माणूस दिसेनासा झाल्यावर. मग सुरू होते ते शोधाचे काम, आणि माझ्या मते या दलाच्या धैर्याची खरी परीक्षा तिथेच होते.

हा शोध कसा असतो? पाऊस ओसरल्यावरही नाल्यात छातीपर्यंत सांडपाणी असते. तळाशी गाळ, गाळात काचा, सळया, मेलेली जनावरे, प्लास्टिकचे थर. जवान लांब बांबूने पुढची जमीन चाचपत एका रांगेत सरकतात. नाला जिथे स्लॅबखाली जातो तिथे वाकून, कधी रांगत आत शिरावे लागते. वरच्या खोऱ्यात पुन्हा पाऊस झाला तर खालच्या जवानाला ते कळण्याआधी पाणी येऊन पोहोचते, म्हणून एक माणूस वरच्या अंगाला नुसता पाण्याकडे पाहत उभा असतो. नाला पुढच्या तलावाला मिळतो तिथे बोट घालून गळ टाकतात. हे दिवसेंदिवस चालते. काठावर घरचे लोक बसलेले असतात, त्यांना काय सांगायचे हे कोणत्याही प्रशिक्षणात शिकवता येत नाही. कित्येकदा हाती काही लागत नाही. टाळ्या नाहीत, छायाचित्र नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच नाला.

आगीसाठी घडवलेला माणूस पाण्यात उतरताना त्याला जुन्या सवयी टाकाव्या लागतात. आगीतला जाड कोट आणि गमबूट अंगाला वाचवतात. तेच गमबूट पाण्यात भरले की पाय उचलत नाही. आगीच्या हेल्मेटची रुंद कड प्रवाहात अडकते आणि मान मागे खेचते, म्हणून पाण्यासाठी वेगळे, भोके असलेले हलके हेल्मेट लागते. आगीत जवान पुढे घुसतो. पाण्यात त्याला आधी थांबायला शिकवतात. जगभर जलबचावाचा क्रम ठरलेला आहे: काठावरून हात किंवा काठी पोहोचते का पाहा, नाही तर दोर फेका, नाही तर बोट न्या, आणि यांतले काहीच शक्य नसेल तरच स्वतः पाण्यात जा. वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करायचा नाही, कारण दगडाच्या फटीत पाय अडकला की प्रवाह माणसाला पुढे वाकवून पाण्याखाली दाबतो. पाठीवर पडायचे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवायचे आणि तिरके काठाकडे सरकायचे.

पाण्याचे बळ आपल्याला फार कमी वाटते. वेगाने वाहणारे अवघे १५ सेंटीमीटर पाणी धडधाकट माणसाला पाडू शकते. ३० सेंटीमीटरला लहान मोटार तरंगू लागते, ६० सेंटीमीटरला बहुतेक मोटारी वाहून जातात. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. शहराच्या पुरात आणखी धोके मिसळलेले असतात. बेंगळुरूत जवळपास प्रत्येक घराच्या फाटकाशी जमिनीखाली पाण्याची टाकी असते, तिला इथे ‘संप’ म्हणतात. पाणी चढले की संपाचे झाकण सरकते आणि गढूळ पाण्याखाली एक उघडा खड्डा तयार होतो. मॅनहोलचीही तीच गत. कुंपणाच्या भिंती भिजून ढासळतात. विजेचा प्रवाह कुठे उतरला आहे हे डोळ्यांना दिसत नाही. सप्टेंबर २०२२ च्या पुरात व्हाइटफील्डजवळ एका तरुणीची स्कूटर पाण्यात घसरली, आधारासाठी तिने खांबाला हात लावला आणि विजेच्या धक्क्याने ती गेली. अशा पाण्यात जवान पुढचे पाऊल टाकतो ते काठीने चाचपून. बोटीचे इंजिनही गल्लीत फारसे चालवता येत नाही. पंख्यात प्लास्टिक, केबल, बुडालेल्या स्कूटरी अडकतात. म्हणून बोट वल्ह्यांनी किंवा दोन्ही बाजूंनी हातांनी ढकलत न्यायची. बोटीत बसलेली माणसे छायाचित्रात दिसतात. ती ढकलणारे गळ्याइतक्या पाण्यात असतात.

शहरात बोट घालण्याची वेळ वारंवार येऊ लागली ती गेल्या दहा वर्षांत. जुलै २०१६ च्या अखेरीस कोडिचिक्कनहळ्ळीत तलावाचे पाणी वस्तीत शिरले. रस्त्यावर लोक मासे धरत होते, त्याची छायाचित्रे देशभर गाजली. त्याच रस्त्यांवरून दलाचे जवान म्हाताऱ्या माणसांना बोटीतून नेत होते, ती छायाचित्रे मात्र कमी लोकांनी पाहिली. २४ नोव्हेंबर २०१९ चा रविवार तर विलक्षण होता. पाऊस नाही, आभाळ मोकळे, आणि हुळीमावू तलावाचा बांध फुटला. लोक दुपारच्या जेवणानंतर घरात निवांत असताना पाणी दारातून आत आले. शेकडो घरे पाण्यात गेली. पावसाळ्यात दल सज्ज असते; नोव्हेंबरच्या कोरड्या दुपारी आलेल्या पुराला तशी पूर्वसूचना नसते. तरी संध्याकाळपर्यंत अग्निशमन दलाच्या आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी गल्लीगल्लीत फिरत होत्या.

त्याच वर्षीचा ऑगस्ट आपण मराठी माणसे विसरणार नाही. पंचगंगा आणि कृष्णा कोल्हापूर-सांगलीत शिरल्या, ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून माणसे गेली. तेच पाणी खाली चिकोडी, अथणी, रायबागला पसरले. मलप्रभा-घटप्रभेच्या काठीही हाहाकार होता. राज्याचे दल म्हणून बेंगळुरूच्या खात्याची माणसे उत्तर कर्नाटकात लढत होती. तुंगभद्रा धरणाचे दरवाजे उघडल्यावर हंपीच्या पलीकडचे विरुपापूर गड्डी हे बेट पाण्याने वेढले गेले. तिथे देशी-परदेशी पर्यटक मोठ्या संख्येने अडकले होते. १२ ऑगस्टला त्यांना काढण्यासाठी निघालेली बोट मध्य प्रवाहात उलटली आणि बचाव पथकातले पाच जण वाहून गेले. त्यांतल्या प्रत्येकाला वाचवण्यात यश आले, आणि पर्यटकांना काढण्याचे काम पुढे चालूच राहिले. हंपीजवळची तुंगभद्रा ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिथल्या शिळा ठाऊक आहेत. पूर आला की त्या पाण्याखाली जातात, पण जागेवरून हलत नाहीत. त्यांच्यावर आदळून पाणी भोवरे घेते. काठावरून सपाट दिसणारा तो प्रवाह मध्यभागी किती फसवा असतो हे त्या पाच जणांनी अंगावर घेतले. ज्यातून वाचवायला जायचे तोच धोका दुसऱ्या क्षणी आपल्यावर उलटतो, आणि तरी दुसरी बोट पाण्यात घालणारे हात थांबत नाहीत, याहून मोठे शौर्य मला माहीत नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये येलहंक्याच्या केंद्रीय विहार या मोठ्या गृहसंकुलात तलावाचे पाणी आले. तळमजले बुडाले, लिफ्ट बंद, वीज नाही, वरच्या मजल्यांवर आजारी माणसे आणि तान्ही मुले. जिन्यावरून खुर्चीत बसवून माणसे खाली आणायची, बोटीत ठेवायची, फाटकाबाहेर पोहोचवायची, परत यायचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच संकुलात पुन्हा बोटी गेल्या.

आणि ५ सप्टेंबर २०२२. आदल्या रात्री सुरू झालेल्या पावसाने चोवीस तासांत १३१.६ मिलिमीटरची नोंद केली. बेळ्ळंदूर, येमलूर, सर्जापूर रस्त्यावरचे रेनबो ड्राइव्ह, म्हणजे देशातली नावाजलेली आयटी वसाहत पाण्याखाली गेली. कोट्यवधींचे बंगले आणि त्यांच्यामागच्या पत्र्याच्या झोपड्या एकाच पाण्यात उभ्या होत्या. कामावर जाणारे लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून चालले होते, कारण उंच चाकांचा ट्रॅक्टरच तेवढ्या पाण्यातून जाऊ शकत होता. त्याच वेळी कावेरीचे पाणी शहराकडे चढवणारे मंड्या जिल्ह्यातले पंपघर पुरात बुडाले आणि बेंगळुरूच्या बऱ्याच भागांत नळ कोरडे पडले. अग्निशमन दलाच्या कामाचे स्वरूप त्या आठवड्यात पाहण्यासारखे होते. एकीकडे बोटी, दुसरीकडे तळघरांतून पाणी उपसणारे पंप. आगीत पाणी फेकणारे तेच पंप आता पाणी बाहेर काढत होते. बंगल्यातल्या कुत्र्यांना, पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना, डायलिसिसला जायच्या रुग्णांना जवानांनी खांद्यावरून आणले. वृत्तवाहिन्यांचे सारे लक्ष बंगल्यांवर होते. झोपडपट्टीतल्या मजुरांना त्याच जवानांनी काढले, तेही नोंदवून ठेवले पाहिजे.

पण या साऱ्या वर्षांत माझ्या मनात रुतून बसला आहे तो एक अंडरपास. २१ मे २०२३, रविवार दुपार. नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी होऊन एकच दिवस झाला होता. गारांसह वळवाचा पाऊस कोसळला. विधान सौधापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या के. आर. सर्कलच्या अंडरपासमध्ये पाणी साचले. रस्ता बंद करायला लावलेला अडथळा पावसात पडला होता. आंध्र प्रदेशातून शहर पाहायला आलेल्या एका कुटुंबाची भाड्याची गाडी पाण्यात उतरली. गाडीत चालक धरून सात जण. मध्यावर गाडी बंद पडली आणि पाणी वाढत गेले.

अशा वेळी गाडीचे दार उघडत नाही. बाहेरच्या पाण्याचा दाब दारावर असतो, विजेवर चालणाऱ्या काचा अडकतात, आणि आतल्या माणसाला काही मिनिटांत हवा कमी पडू लागते. जमलेल्या लोकांनी साड्या आणि दोर फेकले. ते पुरले नाहीत. पाणी क्षणाक्षणाला चढत होते. मग आपत्कालीन सेवेचे जवान पोहोचले. दोघांना त्यांनी पोहत जाऊन काढले. एका स्त्रीला आणि एका पुरुषाला शिडी लावून वर घेतले. बंबावरची शिडी, जी वर चढण्यासाठी असते, ती त्या दिवशी खाली, पाण्यात सोडली गेली. सहा जण वाचले. त्याच गाडीतली एक तरुणी, शहरात आयटी कंपनीत नोकरी करणारी, मात्र वाचू शकली नाही.

या घटनेवर शहरात पुष्कळ बोलले गेले, अंडरपासच्या रचनेवर, गटारांवर, महापालिकेवर, आणि ते बोलणे रास्तच होते. मला मात्र त्या दुपारी पाण्यात उतरलेल्यांविषयी लिहायचे आहे. अंडरपासमधले साचलेले पाणी नदीसारखे वाहत नाही, म्हणून ते कमी धोक्याचे वाटते. प्रत्यक्षात दोन्ही उतारांवरून लोंढे आत येत असतात, तळाशी जाळी आणि चिखल, पाणी काळे, आतले काही दिसत नाही. बुडालेल्या गाडीच्या टपावर पाय ठेवून खिडकीत हात घालायचा, आतला घाबरलेला माणूस गळ्याला मिठी मारतो. बुडणाऱ्याची ती मिठी कसलेल्या पोहणाऱ्यालाही खाली नेते, म्हणून त्याला पाठीमागून धरायला शिकवलेले असते. पण गाडीच्या खिडकीतून पाठीमागून कसे धरणार? तिथे शिकवलेले बाजूला ठेवून जे सुचेल ते करावे लागते. सहा जणांचे प्राण त्या सुचण्याने वाचले.

पाणी दिसते तेवढेच नसते, हे आपल्याकडच्या एका घटनेने फार क्रूरपणे दाखवले आहे. १ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याण पूर्वेला एका विहिरीत सफाईला उतरलेला कामगार बाहेर आला नाही. त्याला काढायला दोघे उतरले, तेही आले नाहीत. मग कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या अग्निशमन दलाचे दोन जवान उतरले. विहिरीतल्या पाण्यावर विषारी वायू साचला होता. पाचही जण गेले. बेंगळुरूतही जुन्या विहिरी, मलटाक्या, बंद नाले अशाच वायूने भरलेले असतात. नाकावर श्वसनयंत्र चढवल्याशिवाय खाली जायचे नाही हा नियम प्रत्येक जवानाला पाठ असतो. मात्र खालून कोणी ओरडत असते तेव्हा ते यंत्र बांधायला लागणारी दोन मिनिटेही काठावर उभ्या असलेल्यांना अपराधासारखे वाटतात. जवानाला ती दोन मिनिटे घेऊ देणे, हे आपले, बघणाऱ्यांचे काम आहे.

खात्याने या काळात स्वतःला बदलून घेतले. बन्नेरघट्टा रस्त्यावरच्या आर. ए. मुंडकूर अकादमीत नव्या भरतीच्या जवानांना आगीबरोबर दोर, गाठी आणि बचावाचे शिक्षण मिळते. राज्य आपत्ती प्रतिसाद दल याच खात्याच्या छत्राखाली आले, त्यामुळे बोटी, पाणबुडे आणि बंब एका हुकमाखाली चालतात. जुलै २०२४ मध्ये अंकोल्याजवळ शिरूरला राष्ट्रीय महामार्गावर दरड कोसळली आणि माणसे, वाहने गंगावळी नदीत गेली, तेव्हा नौदल, स्थानिक पाणबुडे आणि राज्याची पथके पावसाळी नदीच्या गढूळ तळाशी आठवडेच्या आठवडे शोधत राहिली. पुढे सप्टेंबरात गोव्याहून आणलेल्या ड्रेजरच्या मदतीने एक बुडालेला ट्रक चालकाच्या मृतदेहासह वर निघाला. घरच्यांना निदान निरोप देता आला.

२०२३ च्या आरंभी दलात ९० मीटर उंचीपर्यंत पोहोचणारी शिडी दाखल झाली. उंच इमारतींच्या शहराला ती हवीच होती आणि तिचे स्वागत थाटाने झाले, ते योग्यच. माझे म्हणणे एवढेच आहे की आकाशाकडे जाणाऱ्या शिडीला जेवढा पैसा आणि मान मिळतो त्याचा छोटा हिस्सा जमिनीलगतच्या पाण्यालाही मिळावा. प्रत्येक केंद्रात दोन बोटी, प्रत्येक गाडीवर फेकण्याच्या दोराच्या पिशव्या, पाण्याची वेगळी हेल्मेट, गळ्यापर्यंतचे जलरोधक पोशाख, आणि नाल्यातल्या शोधानंतर जवानाला लागणाऱ्या लसी आणि तपासण्या. शिवाय राजकालुव्यांचा नकाशा: कुठे स्लॅब आहे, कुठे जाळी, कुठे नाला अचानक खाली उतरतो. मे २०२५ मध्ये होरमावूच्या साई लेआऊटमध्ये पुन्हा बोटी घालाव्या लागल्या. तिथेही जवानांना कुठला खड्डा कुठे आहे हे सांगितले ते गल्लीतल्या पोरांनी.

दरवर्षी २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला अग्निशमन सेवेतल्यांसाठी शौर्य आणि सेवापदके जाहीर होतात. शौर्यपदक बहुधा ज्याने जिवंत माणूस बाहेर आणला त्याच्या वाट्याला येते, आणि ते त्याला मिळायलाच हवे. कुरुबरहळ्ळीच्या नाल्यात दिवसामागून दिवस छातीभर सांडपाण्यात चाललेल्यांसाठी तसे काही ठरलेले नाही. त्यांच्यापैकी बरेच जण आजही याच शहरात, कोणत्या ना कोणत्या केंद्रात, चोवीस तासांच्या पाळीवर असतील. आपल्या घराजवळचे केंद्र कोणते, हे शोधून मराठी मंडळातल्या प्रत्येक कुटुंबाने या पावसाळ्यापूर्वी एकदा तिथे जाऊन यावे, मुलांना बरोबर न्यावे, आणि आपल्या गल्लीत पाणी कुठून येते, संप कुठे आहेत, चालता न येणारी म्हातारी माणसे कोणत्या घरात आहेत, हे त्यांना लिहून द्यावे.